माझ्या अंगावरचे तांब्याचे टाके

मित्रांनो, औशाला किल्ल्याच्या बाजूनं बाजारपेठेकडे उतरणारी एक अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीत शांतम्माच्या घरामागे, कढीलिंबाच्या झाडाशेजारी जी पाण्याची जुनी टाकी उभी दिसते, ती मी. एके काळी मी काळीभोर होते. उन्हानं आता राखाडी पडले आहे. माझ्या बुडापासून कुशीपर्यंत एक वाकडातिकडा जोड आहे आणि त्या जोडावर तांब्याच्या तारेचे टाके आहेत. गल्लीत नवीन आलेला माणूस तो जोड पाहून हसतो. कुणी तरी त्याला सांगतं, "हीच ती टाकी. दुष्काळात फुटली आन सगळं पानी गेलं."

मी ते ऐकते आणि मला फार लागतं. कारण तसं झालं नव्हतं. कसं झालं, ते आज मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म लातूरच्या औद्योगिक वसाहतीत झाला. काळी भुकटी एका मोठ्या लोखंडी साच्यात घातली, साचा भट्टीत सगळ्या अंगांनी फिरवला आणि थंड झाल्यावर उघडला, तेव्हा मी बाहेर आले. तिथून टेम्पोत बसून औशाच्या एका दुकानासमोर येऊन उभी राहिले. आम्ही सगळ्या बहिणी तिथं रांगेत होतो. लोक यायचे, पाहायचे, दुसरीलाच घेऊन जायचे. एके दिवशी एक उंच, गोरटेला माणूस आला. कपाळाला विभूतीचे पट्टे, अंगात पांढरा सदरा. त्यानं प्रत्येकीच्या पोटावर बोटांनी टकटक करून पाहिलं. माझ्यापाशी आला, टकटक केली आणि म्हणाला, "हिचा आवाज भरीव हाय. हीच पायजे."

तो चंद्रप्पा. बस स्टँडजवळ त्याचं किराणा दुकान होतं. मला घरी नेताना तो टेम्पोच्या मागच्या बाजूला माझ्याशेजारी उभा राहिला होता. खड्डा आला की मला दोन्ही हातांनी धरायचा. आपण चांगल्या माणसाच्या हाती पडलो, असं मला वाटलं.

घर पूर्वी एकच होतं. चंद्रप्पाचा थोरला भाऊ नागप्पा नुकताच वारला होता. त्याच्या मागं त्याची बायको शांतम्मा आणि मुलगी महानंदा. मधे भिंत घालून घराचे दोन भाग झाले होते. एका भागात शांतम्मा, दुसऱ्या भागात चंद्रप्पा, त्याची बायको सिद्धम्मा आणि त्यांचा मुलगा. पुढचं अंगण मात्र एकच. मला गच्चीवर चढवलं त्या दिवशी शेजारपाजारचे लोक जमले होते. त्या सगळ्यांसमोर चंद्रप्पा म्हणाला, "वहिनी, अण्णा गेला म्हनून आपन दोन झालो न्हाईत. टाकी एकच राहील. पानी दोनी घराला."

शांतम्मानं पदर डोळ्यांना लावला. माझ्या अंगातून दोन नळ्या काढल्या, एक इकडं, एक तिकडं. त्या दिवशी मला फार अभिमान वाटला. आपण नुसतं पाणी साठवत नाही, दोन घरं बांधून ठेवतो, असं मी स्वतःला सांगत असे.

पुढची वर्षं सुखाची होती. दर दिवाळीच्या आधी चंद्रप्पा स्वतः माझ्या पोटात उतरायचा आणि नारळाच्या काथ्यानं मला घासून काढायचा. घासताना गुणगुणायचा. त्याचा आवाज माझ्या अंगभर घुमायचा. पाहुणे आले की गच्चीवर घेऊन यायचा आणि सांगायचा, "ही आमची टाकी. औशात अशी दुसरी न्हाई." मित्रांनो, मी शांतम्माचीही होते आणि सिद्धम्माचीही होते, पण मनातून मी चंद्रप्पाची होते.

मग दुष्काळ आला. एक पावसाळा कोरडा गेला, त्याच्या मागोमाग दुसराही. आधी नळाला आठवड्यानं पाणी यायचं, मग महिन्यानं, मग नळाच्या तोंडात कोळ्यानं जाळं विणलं. बोअर आटले. लातूरला आगगाडीनं पाणी आणावं लागलं. गल्लीतले लोक ओट्यावर बसून त्या गाडीच्या गोष्टी करत आणि गल्लीच्या तोंडाकडे टँकरची वाट पाहत. टँकर यायचा, पण त्याची नळी गच्चीपर्यंत पोचत नसे. म्हणून मला खाली अंगणात उतरवायचं ठरलं.

मला दोर बांधला. वर गच्चीवर चंद्रप्पा आणि त्याचा मुलगा, खाली शेजारची दोन माणसं. मी हळूहळू खाली येत होते. मला भीती वाटत नव्हती, कारण दोर चंद्रप्पाच्या हातात होता. अर्ध्यावर आले असेन, तेवढ्यात त्याच्या खिशातला मोबाईल वाजला. त्यानं एक हात खिशाकडे नेला. दोर सरकला आणि मी ओट्याच्या दगडी कोपऱ्यावर आदळले. माझं झाकण फुटून तुकडे झाले आणि बुडापासून कुशीपर्यंत मला मोठी चीर गेली.

"काय झालं?" म्हणत शांतम्मा धावत आली.

"दोर कुजका व्हता," चंद्रप्पा वरून म्हणाला.

दोर चांगला होता. मी तो अंगावर अनुभवला होता. पण चूक कुणाच्याही हातून होते, असं मी मनाला समजावलं. तो खाली आला, चिरेवरून बोट फिरवलं आणि म्हणाला, "गेली ही. भंगारात द्या. बगू मग नवी."

"मग कवा, भावजी?" शांतम्मा म्हणाली. "टँकर आला तर पानी कशात घ्यायचं? महानंदाचे दिवस भरत आलेत. बाळंतीण घरात आसनार. एका रांजनावर आन दोन घागरीवर घर चालनार हाय का?"

महानंदा बाळंतपणाला माहेरी आली होती. ती दारातच उभी होती, कमरेवर हात ठेवून. ती आईला अव्वा म्हणायची. "राहू दे अव्वा," ती म्हणाली, "मी सासरला जाते परत."

"गप बस," शांतम्मा म्हणाली.

शांतम्मा शिवणकाम करायची. आख्ख्या गल्लीच्या चोळ्या, झबली, पोरांच्या फाटलेल्या चड्ड्या तिच्याकडे यायच्या. फाटलेलं काही समोर आलं की तिचे हात आपोआप पुढं व्हायचे. शिवाय गल्लीत पूर्वी बादल्या सांधणारा एक म्हातारा यायचा. तापलेल्या सळईनं प्लास्टिक वितळवून तो भेगा बुजवायचा. त्याच्यासमोर उकिडवं बसून तिनं ते काम अनेकदा पाहिलं होतं.

तिनं मला आडवं केलं. आतला गाळ पुसून काढला आणि मला उन्हात वाळू दिलं. मग दाभण विस्तवात लाल करून चिरेच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक भोक पाडलं.

ओट्यावर बसलेला चंद्रप्पा म्हणाला, "फुटक्याला आनखी भोकं पाडून राहिलात, वहिनी?"

"चीर हितं आली की थांबती. न्हाईतर पळत जाती फुडं," ती म्हणाली.

मग तिनं चिरेच्या दोन्ही बाजूंना ओळीनं भोकं पाडली. पाण्याच्या जुन्या मोटारीतली तांब्याची तार आणली आणि मला टाके घालायला सुरुवात केली. बाहेरून तार आत ढकलायची, मग माझ्या तोंडातून अर्धं अंग आत घालून ती ओढायची, पुन्हा बाहेर ढकलायची, पुन्हा बाहेर येऊन ओढायची. तिचा चेहरा घामानं आणि काळ्या भुकटीनं माखला होता.

"वहिनी, ही काय चोळी हाय व्हय?" चंद्रप्पा हसला.

"चोळी आसती तर पाठीवर दोऱ्यानं चंद्र काढला आसता," शांतम्मा आतून म्हणाली. तिचा आवाज माझ्या पोटात घुमला. बऱ्याच दिवसांनी माझ्या पोटात माणसाचा आवाज घुमला होता. मला बरं वाटलं.

टाके घालून झाल्यावर तिनं पॉलिश पेपरनं जोडाच्या कडा खरबरीत केल्या. माझ्या फुटलेल्या झाकणाच्या पट्ट्या कापल्या. परक्या प्लास्टिकपेक्षा माझंच प्लास्टिक मला धरून राहील, हे तिला ठाऊक होतं. जुनं उलथणं चुलीत तापवायचं, पट्टी आणि माझं अंग दोन्ही एकदम मऊ करायचं आणि दाबून धरायचं. आधी आतून, मग बाहेरून. मला चटके बसत होते. पण मित्रांनो, ज्या हाताला आपल्याला वाचवायचं असतं, त्याचा चटका वेगळा असतो. तिच्याही बोटांना फोड आले. तिनं ते तोंडानं फुंकले आणि उलथणं पुन्हा चुलीत घातलं.

जोड थंड झाल्यावर तिनं मला उभं केलं, जोडाच्या बाहेरून कोरड्या रांगोळीचं बोट ओढलं आणि घरात उरलेलं थोडं पाणी माझ्यात ओतलं. रांगोळी भिजली की गळती कळणार होती. ती, महानंदा आणि सिद्धम्मा तिघी समोर बसून राहिल्या. ऊन सरकलं. रांगोळी पांढरीची पांढरीच राहिली.

"अक्का, धरलं की गं!" सिद्धम्मा टाळी वाजवून म्हणाली. सिद्धम्मा थोरल्या जावेला अक्का म्हणायची. एरवी ती फार बोलत नसे. नवऱ्यासमोर तर नाहीच.

टँकर आला. मी काठोकाठ भरले. सगळा भार जोडावर आला, पण एक थेंब बाहेर गेला नाही. पाहायला आलेली शेजारची शिवम्माआजी माझ्यावरून हात फिरवत म्हणाली, "शांतम्मा, तुज्या हाताला सोनं लागू दे." त्या दिवसापासून गल्लीतल्या बायका फुटक्या बादल्या, तडकलेल्या टोपल्या घेऊन शांतम्माकडे येऊ लागल्या. चंद्रप्पानं मात्र पाहुण्यांना मला दाखवायचं बंद केलं.

महानंदाला मुलगी झाली. लहानसं, लालबुंद बाळ होतं. रोज सकाळी माझ्यातलं पाणी तापवून शांतम्मा तिला पायावर न्हाऊ घालायची. तेच पाणी परातीत धरून त्यात धुणं व्हायचं आणि धुण्याचं पाणी कढीलिंबाच्या झाडाला. कुणी किती घ्यायचं हे दोन्ही घरांत ठरलं होतं. सिद्धम्मा आपल्या वाट्याहून कमीच घ्यायची. "बाळंतिणीचं घर हाय, अक्का," असं म्हणायची.

त्याच उन्हाळ्यात चंद्रप्पानं आपल्या घरामागं जमिनीत एक हौद बांधून घेतला होता. आतून गुळगुळीत सिमेंट, वर लोखंडी झाकण. पण हौद भरणार कशानं? तो कोरडाच पडून होता. अशात त्याच्या मुलाची सोयरीक उदगीरच्या एका मोठ्या घरात जमली. साखरपुड्याला मुलीकडची माणसं औशाला येणार होती. चंद्रप्पा त्या दिवसांत अंगणात येरझाऱ्या घालायचा आणि सिद्धम्माला सांगायचा, "त्यांच्याकडं दारात बोअर हाय. आपल्याकडं येऊन तांब्या-तांब्या पानी मागायची पाळी आली तर काय इज्जत राहील?"

साखरपुड्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. टँकर नुकताच येऊन गेला होता आणि मी भरलेली होते. पुन्हा टँकर कधी येईल, ते कुणालाच माहीत नव्हतं. शांतम्मा आणि महानंदा बाळाला लस टोचायला सरकारी दवाखान्यात गेल्या होत्या. सोमवार असल्यानं सिद्धम्मा मठात गेली होती. मुलगा दुकानात होता. भर दुपारी गल्लीत चिटपाखरू नव्हतं. चंद्रप्पा एकटाच घरी होता.

तो हिरवी नळी घेऊन अंगणात आला. नळीचं एक टोक त्यानं माझ्या तोटीला लावलं आणि दुसरं आपल्या घरातून मागं हौदात सोडलं. तोटी उघडली. मी पाणी देऊ लागले. दोन्ही घरांनी मिळून काही ठरवलं असेल, असं मला वाटलं. मागेल त्याला पाणी देणं एवढंच मला येतं. आणि मागणारा तर चंद्रप्पा होता.

माझं पोट रिकामं होत गेलं. शेवटी तोटीतून नुसती हवा येऊ लागली. त्यानं नळी काढली, गुंडाळली आणि आत नेली. मला वाटलं, झालं काम. पण तो परत आला. त्याच्या हातात पेचकस होता.

तो माझ्यापाशी उकिडवा बसला. जोडावरून बोट फिरवलं. जोड तपासतो आहे, असं मला क्षणभर वाटलं. मग त्यानं पेचकसाचं टोक पट्टीच्या कडेखाली घातलं आणि वरून जोर दिला. पट्टी सहज सुटेना. शांतम्मानं ती माझ्याशी एकजीव केली होती. त्यानं ओठ दाबले, पुन्हा जोर दिला. पट्टी फाटली. मग तार. एकेक टाका पेचकसात अडकवून त्यानं बाहेर ओढला. मी ओरडू शकले असते, तर आख्खं औसा जागं झालं असतं.

मित्रांनो, दगडावर आदळले होते तेव्हा मला इतकं दुखलं नव्हतं. दगडाला माझ्याशी काही देणंघेणं नव्हतं. या माणसानं मला रांगेतून निवडून आणलं होतं.

चीर उघडी पडल्यावर तो घरातून तांब्याभर पाणी घेऊन आला आणि माझ्या बुडाशी ओतलं. लांब उभं राहून एकदा पाहिलं. मग आत जाऊन निजला.

शांतम्मा आणि महानंदा परत आल्या. बाळ टोचल्यानं रडत होतं. शांतम्मानं हात धुवायला तोटी उघडली. पाणी आलं नाही. तिनं पुन्हा फिरवून पाहिली. मग तिची नजर खाली गेली. जोड उघडा पडला होता आणि बुडाशी ओल होती.

"काय झालं, वहिनी?" डोळे चोळत चंद्रप्पा बाहेर आला. त्याचा आवाज तोच होता, माझ्या पोटात गुणगुणणारा.

"भावजी, पानी... सगळं पानी गेलं हो."

तो जवळ आला, वाकून पाहिलं आणि म्हणाला, "मी सांगितलं व्हतं, वहिनी. फुटकं ते फुटकंच. सुई-तारेचं काम हाय का हे?"

गलका ऐकून शेजारचे लोक आले. ज्या बायकांच्या बादल्या शांतम्मानं सांधल्या होत्या, त्याही आल्या. एक म्हणाली, "मला तवाच वाटलं व्हतं." दुसरी म्हणाली, "नवी घ्यायला पायजे व्हती. उगं आपलं शानपन." शांतम्मा आपल्या दोन्ही हातांकडे पाहत होती. बोटांवर फोडांचे डाग अजून होते. "माझ्याच हातानं," ती पुटपुटली. "लेकरू घरात, आन माझ्याच हातानं..." तिनं आयुष्यात इतकं शिवलं होतं, पण तिच्या शिवणीला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं.

मी सगळं पाहिलं होतं आणि मला एक शब्द बोलता येत नव्हता. माझ्यामुळं तिला बोल लागत होता. माझा तिच्यावर विश्वास होता, तिचा माझ्यावर होता आणि आमच्या दोघींमधला विश्वास तिसऱ्यानं येऊन उसवला होता.

महानंदा बाळाला घेऊन दारात उभी होती. "अव्वा, मी उद्याच सासरला जाते," ती म्हणाली. या वेळी शांतम्मा तिला गप बस म्हणाली नाही.

तेवढ्यात मठातून सिद्धम्मा आली. लोक पाहून घाईनं पुढं झाली. तिनं माझी चीर पाहिली, जावेचा चेहरा पाहिला आणि मग ती खाली, जमिनीकडे पाहत राहिली. माझ्या बुडाशी परातीएवढी ओल होती. त्या ओलीच्या पलीकडे अंगण कोरडं ठणठणीत, धूळ जशीच्या तशी.

"अक्का," ती म्हणाली, "माती बग."

"काय बगू, बाई?"

"परवा माझ्या हातून घागर सांडली, तर ओघळ पार मोरीपतूर गेला व्हता. टाकीभर पानी गेलं आन मोरी कोरडी कशी?"

सगळे जमिनीकडे पाहू लागले. चंद्रप्पा म्हणाला, "उनानं वाळलं आसंल. ऊन काय कमी हाय का?"

सिद्धम्मानं त्याच्याकडे पाहिलं. मग ती आपल्या घरात गेली. थोड्या वेळानं घरामागून लोखंडी झाकण सरकल्याचा आवाज आला.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कमरेवर भरलेली कळशी होती. पाणी हिंदकळून तिच्या लुगड्यावर सांडत होतं. सगळ्या लोकांमधून चालत ती शांतम्माच्या ओसरीवर गेली आणि कळशी तिथल्या रांजणात रिकामी केली. मग परत गेली आणि दुसरी घेऊन आली.

"सिद्धम्मा, हे पानी कुठलं गं?" शिवम्माआजीनं विचारलं.

"टाकीतलंच हाय. आमच्या हौदात गेलं व्हतं."

"हौदात कसं गेलं?"

"ते त्यान्ला इचारा," सिद्धम्मा म्हणाली आणि तिसऱ्या कळशीसाठी वळली.

चंद्रप्पा तिच्या वाटेत आडवा आला. "उद्या पावनं येनार हायती," तो दबक्या आवाजात म्हणाला. "रिकामा हौद दाखवू व्हय त्यान्ला? पोराची सोयरीक मोडंल, कळतं का तुला?"

"मोडली तर मोडू दे," सिद्धम्मा म्हणाली. तिनं आवाज खाली आणला नाही. "बाळंतिणीच्या न्हानीचं पानी चोरून मला सून आनायची न्हाई. सरा बाजूला."

तो बाजूला झाला. सिद्धम्मा कळशी आणत राहिली. मग शिवम्माआजी उठली, तिनं आपली घागर घेतली. एकेक करून बाकीच्या बायकाही उठल्या. हौदापासून ओसरीपर्यंत बायकांची ओळ लागली. मघाशी बोल लावणाऱ्याही त्यात होत्या. त्यांतली एकही शांतम्माच्या डोळ्यांत पाहत नव्हती.

शांतम्मा उठून माझ्याजवळ आली. जोडात बोटं घातली. तारा कशा वाकल्या आहेत ते चाचपून पाहिलं. शिवण आपोआप उसवली की कुणी उसवली, हे तिच्या बोटांना न कळतं तरच नवल. तिनं एक वाकडी तार बाहेर काढून तळहातावर घेतली आणि चंद्रप्पासमोर जाऊन उभी राहिली.

"भावजी," ती म्हणाली, "पानी नेलं त्याचं मला काय न्हाई. मागितलं आसतं तर सगळं दिलं आसतं. पोरगं माझंबी हाय. पर माझा जोड कामून उसवला? चार लोकांत माझ्या हाताला कामून खोटं पाडलं?"

चंद्रप्पा तिच्या तळहाताकडे पाहत होता. त्याचे ओठ हलले. आता तो काही तरी बोलेल, असं मला वाटलं. शांतम्मालाही वाटलं असावं, कारण ती थांबून राहिली होती. पण त्यानं पायात चपला सरकवल्या आणि तो दुकानाकडे निघून गेला.

दुसऱ्या दिवशी उदगीरचे पाहुणे आले. शांतम्मानं आपल्या रांजणातलं पाणी स्वतः कळशीनं सिद्धम्माच्या घरी नेलं आणि पाहुण्यांच्या हातावर घातलं. साखरपुडा पार पडला. पाहुण्यांना यातलं काही कळलं नाही. कुणी सांगितलंही नाही.

त्यानंतर दोघी जावांनी मिळून मला पुन्हा सांधलं. या वेळी शांतम्मा बाहेर बसली आणि सिद्धम्मा माझ्या पोटात उतरली. बाहेरून तार आत जायची, आतून बाहेर यायची. मधे मी. आत अंधारात सिद्धम्मा रडत होती.

"अक्का, म्या तुला काय तोंड दाखवू?"

"आधी तार दे," बाहेरून शांतम्मा म्हणाली. मग तार ओढून घेत म्हणाली, "तू नसतीस तर मी जलमभर माझ्या हातालाच शिव्या दिल्या आसत्या. दे, तार दे."

तो जोड पुढचा सगळा दुष्काळभर टिकला. महानंदाची मुलगी माझ्याच पाण्यात न्हाऊन वाढली. महानंदा तिला घेऊन सासरी गेली तेव्हा ती गुटगुटीत झाली होती.

पुढं पाऊसपाणी झालं, नळ सुरू झाले. दोन्ही गच्च्यांवर दोन वेगळ्या नव्या टाक्या आल्या. चंद्रप्पानं अंगणाच्या मधोमध भिंत घातली. सिद्धम्मानं हट्टानं त्या भिंतीत एक दार ठेवायला लावलं. ती रोज त्यातून येते, शांतम्मापाशी बसते, दोघी चहा पितात. चंद्रप्पा त्या दारातून कधी आला नाही. मला इथं घरामागं आणून ठेवलं आहे. शांतम्मा माझ्यात झाडाला घालायचं पाणी साठवते. जोडावरची धूळ पुसते. सणाला मला हळदीकुंकवाचं बोट लावते.

मग मी दुःखी का, असं तुम्ही विचाराल. सांगते. चंद्रप्पाच्या दुकानात आजही कधी दुष्काळाच्या गोष्टी निघतात. तेव्हा तो सांगतो, "आमच्या वहिनीनं टाकी शिवली व्हती. ऐन वक्ताला फुटली." ऐकणारे हसतात. त्या दुपारी अंगणात जे हजर होते, त्यांतले काही वारले, काही पोटासाठी पुण्याला गेले. जे उरले, ते विसरत चालले आहेत. आणि ज्यांनी काही पाहिलंच नाही, ते त्याचं बोलणं खरं मानतात. किराणा घेता घेता ऐकलेली गोष्ट गावभर होते.

तर मित्रांनो, तुमच्या घरातली वस्तू मोडली, तर लगेच फेकू नका. कुणी तरी तापल्या उलथण्यानं बोटं भाजून ती जोडू शकतं. जोडलेली वस्तू पुन्हा निसटली, तर जोडणाऱ्याला नाव ठेवण्याआधी खाली वाकून जोड नीट पाहा, त्याला हात लावून पाहा. आणि कधी औशाला आलात, कुणी तुम्हांला सांगू लागलं की शांतम्माचा जोड सुटला होता, तर त्याला एवढंच सांगा: तो जोड सुटला नव्हता.